बिनमिठाचा डबा

४ मार्च
निवड झाली. आमची. रत्नागिरीची. परत लिहिते, कारण लिहून बघायला बरं वाटतं. निवड झाली.

मॅडम वर्गात आल्या त्या खडू न घेताच. वाटलं कोणी गेलं बिलं. म्हणाल्या, पूर्वा, आलिया, ओंकार, उभे राहा. राहिलो, शिक्षेच्या तयारीने. ओंकारने तर हातसुद्धा पुढे केला होता. मग मॅडम म्हणाल्या, "जातोय की तुमचा डबा वर!" आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. मॅडम कोल्हापूरच्या. घाटावरची माणसं रडत नाहीत असं स्वतःच सांगत असतात. बघितलं आज.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "रॉकेटातून आगळ? वर कोण बसलंय प्यायला?"

६ मार्च
अख्खी वाडी विचारते, नक्की काय गो पाठवताय? एकदाच इथे लिहिते आणि पाठ करते.

गेल्या वर्षी आलियाच्या (इथून पुढे आ., हात दुखतो) गणवेशावर माझ्या हातून सोलकढी सांडली. तिने साबण लावला तर गुलाबी डाग निळा-काळा झाला. ती रडली, मी बघत बसले. मैत्रीण म्हणून मी तेव्हा शून्य होते, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. कोकमाचा रंग आंबटात लाल, साबणात, चुन्यात निळसर. म्हणजे कोकम कुठवर पोचलं ते रंगच सांगतो.

तर डबा. जेवणाच्या डब्याच्या एका पुडाएवढा. आत दोन कप्पे, एकात कोकमाचं आगळ, म्हणजे दाट रस, दुसऱ्यात चुन्याची निवळी, मध्ये पडदा. (आधी खायचा सोडा घेतला होता. फसफसून वर्गाचं छत रंगलं.) इथे पडदा काढला की आगळ जड म्हणून तळाला जातं. वर काहीच जड नाही, तळच नाही. मग रंग जाणार कुठे? डब्यातला छोटा कॅमेरा ते बघेल आणि फोटो खाली धाडेल. रॉकेटचा शेवटचा टप्पा आपलं काम उरकल्यावरही पृथ्वीभोवती फिरत राहतो, त्यावर आमच्यासारख्या पोरांचे डबे बसवणार आहेत.

वायरी आणि कॅमेरा ओंकार (ओं.). पिशव्या, पडदा, शिवणकाम आ., तिचे अब्बा बोटीवर जाळी विणतात, तिचा हात तसाच. आगळ मी. आमच्या घरी धंदाच तो.

२ एप्रिल
निवड समितीचा बंगळूरहून व्हिडिओ कॉल. एक सर, तरुणच, मराठी येतं. सगळं आवडलं म्हणाले. फक्त आगळात मीठ चालणार नाही. गळलं तर मीठ वायरी खाईल, शेजारच्या डब्यांच्याही. बिनमिठाचं करा.

मी लगेच हो म्हटलं. साहेब म्हणतायत म्हटल्यावर हो. मॅडमनी पण मान हलवली, त्यांच्याकडे आगळ नसतंच, चिंच असते.

११ मे
नववी संपली, कोकमाच्या झाडांवर रातांबे लाल झाले. आज वरच्या कातळ-सड्यावरून टोपली भरून आणले. आ. मदतीला आली. फोडायचे, बिया काढायच्या, साली बरणीत भरायच्या, मीठ चोळायचं, रस सुटतो. लहानपणापासून करते, झोपेतही करेन.

आणि तेच झालं! बोलता बोलता हात मिठाच्या सटात गेला आणि मूठभर मीठ बरणीत. आ.ने बघितलं. मी बघितलं. दोघी बरणीकडे बघत राहिलो. मग आ. इतकी हसली की तिला उचकी लागली. सगळी बरणी बाद. म्हणजे आईच्या विक्रीत जमा.

दुसऱ्या खेपेला आ.ने मिठाचा सट उचलून शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवला. मिठाशिवाय रस सुटेना, मग फडक्यात घालून पिळला. आई आली, बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं. "हे आगळ कसलं गो, हे नुसतं रक्त." रंग मात्र असा सुंदर की बघत राहावं. उकळलेलं पण करून पाहिलं, रंग काळपट होतो. म्हणून कच्चंच भरलं.

३० मे
डबा तयार. ओं.ने झाकणाला शेवटचा स्क्रू लावला. शाळेच्या फ्रिजात ठेवलेली नमुन्याची बाटली अजून झक्क आहे. डब्याच्या झाकणावर आम्ही तिघांनी सह्या केल्या. आ.ची उर्दूत. ओं. म्हणाला, वरच्या लोकांना वाचता यायला नको? आ. म्हणाली, वर तुझी तरी मराठी कुठे येते त्यांना.

१७ जून
मॅडम आणि ओं. डबा घेऊन बंगळूरला गेले. ओं.च्या मांडीवर डबा, वर त्याच्या आईने दिलेले लाडू. स्टेशनवर धो धो. दहावीचं वर्ष, पहिल्याच आठवड्यात पोरगा कुठे चालला म्हणून त्याचे काका बडबडत होते. मी आणि आ. गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होतो. डब्याला.

२४ जून
फुटला.

२५ जून
काल लिहवलं नाही.

तिकडे पोचेपर्यंतच डबा फुगला होता. निर्वात पेटीत ठेवून हवा काढली आणि आतली पिशवी टराटर. लाल पाणी सगळीकडे, शेजारी केरळच्या पोरांचा डबा होता त्याच्यावरसुद्धा. ओं. फोनवर एवढंच म्हणाला, "आंबलं होतं गो. वास येत होता."

आंबणारच. बिनमिठाचं आगळ आंबणारच! आमच्या वाडीतलं शेंबडं पोर सांगेल. फ्रिज शाळेत आहे, गाडीत नाही, रॉकेटात नाही, हे माझ्या डोक्यात का आलं नाही? आलं होतं की. घरात मला ते माहीत होतं. शाळेत गेलं की ते माहीत नसल्यासारखं वागले. आगळ टिकतं कशाने ही गोष्ट मी विज्ञानात धरलीच नव्हती, ती स्वयंपाकघरात ठेवून मी कॉलवर बसले होते. गाढव. गाढव. गाढव.

समितीने एक संधी दिली आहे. गणपतीपर्यंत नवा डबा चाचणीला. तोही नापास झाला तर आमच्या जागी दुसऱ्या राज्यातली एक शाळा जाणार, त्यांचा डबा तयारच आहे. मीठ नाही म्हणजे नाही.

२८ जून
ओं. आला. भांडण. तो म्हणाला, तुझ्या घरचा धंदा, तुला कळायला हवं होतं. खरं होतं म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, मेल्या, तू लाडू खात बसलास, डबा फुगताना दिसला नाही? तो निघून गेला. आ. म्हणाली, दोघेही बरोबर आहात, आता दोघेही गप्प बसा. गप्प बसलो. अजून बसलोय.

एस्टीत कंडक्टर: काय पोरी, मीठ विसरलीस म्हणे? अख्ख्या तालुक्यात झालंय.

९ जुलै
काही सुचत नाही. साखर घालून पाहिली, जास्तच आंबलं. उकळून भरलं, रंग मेला. मॅडम म्हणतात विचार करत राहा. करतेय की, दुसरं काय करतेय. बीजगणिताच्या पेपरात कोकमाचं चित्र काढलं आणि पकडले गेले.

आ. रोज येते. बोलत नाही, नुसती बसून पिशव्या शिवते. आज विचारलं, कशाला शिवतेस, भरायला काही नाही. म्हणाली, मग भरायला मिळेल तेव्हा शिवत बसू का?

१३ जुलै
हे नीट लिहायचं आहे.

मासेमारी बंद, म्हणून आज सुक्या बांगड्याचं कालवण. आईने आमसुलं भिजत घातली, वाट्या घासायला पडल्या होत्या म्हणून काचेच्या पेल्यात. मी रुसून ओट्याशी बसले होते. समोर पेला. आमसूल वर तरंगत होतं आणि त्याच्यातून लाल धागे निघून सरळ खाली चालले होते. एक तळाला टेकला की दुसरा. थोड्या वेळाने तळाशी लाल थर, वरचं पाणी स्वच्छ.

जन्मभर बघितलंय हे. आज दिसलं.

आमसूल म्हणजे वाळवलेली साल. ती आंबत नाही, वर्षवर्ष डब्यात पडून असते. मग आगळ भरायचंच कशाला? एका कप्प्यात सुकं आमसूल, दुसऱ्यात निवळी. वर गेल्यावर निवळी आमसुलावर सोडायची. इथे धागे खाली जातात. तिथे खाली नाहीच. मग धागे कुठे जातील? सगळीकडे? गोल? की निघणारच नाहीत?

आई म्हणाली, पेला दे गो, कालवण खोळंबलंय. मी पेला दिला नाही. भर पावसात आ.कडे जायला निघाले, मिरकरवाड्यापर्यंत भिजून गेले. तिने आधी टॉवेल दिला, मग तिच्या घरच्या पेल्यात आमसूल टाकलं. तिच्याकडचे धागे पण खालीच. पृथ्वी एकच आहे म्हणाली.

१६ जुलै
कॉल. मी बोलले, पेला कॅमेऱ्यासमोर धरून. सरांनी पेला अजून जवळ धरायला लावला. मग म्हणाले, "हा प्रश्न तुमच्या पहिल्या प्रश्नापेक्षा चांगला आहे." परवानगी! मॅडमनी कॉल बंद झाल्यावर टेबलावर थाप मारली, शाईची बाटली पडली.

फक्त एक गोची. मीठ. आमसुलं वाळवतानासुद्धा मिठाच्या रसात बुडवतात. आईची सगळी खारट. धुतली तर मिठाबरोबर रंगही जातो, आणि हे दिवस असे की रुमाल वाळत नाही, साल काय वाळणार. बाजारात पाहिली, सगळी मिठाची. बिनमिठाची आता कुठून आणू, रातांबे तर पुढच्या मेमध्ये.

२० जुलै
संध्याकाळी पागोळ्यांच्या पलीकडे सायकल. ओं. रेनकोटच्या आत हात घालून त्याने प्लास्टिकची पिशवी काढली. आमसुलं. मी एक जिभेवर ठेवलं. आंबट, नुसतं आंबट, मिठाचा कण नाही.

त्याच्या आजोबांना रक्तदाब, डॉक्टरांनी मीठ तोडलं, म्हणून त्यांच्यापुरती वेगळी वाळवलेली. आजोबा म्हणाले म्हणे, माझं पथ्य आकाशात जातंय तर जाऊ दे, महिनाभर चिंच खाईन.

मी सॉरी म्हणणार होते. तो म्हणाला, लाडवांचं राहू दे, डबा खरंच फुगताना दिसला नव्हता. मग आईने दोघांना चहा दिला. संपलं.

१० ऑगस्ट
नवा डबा भरला. आमसुलाचा तुकडा आ.ने नायलॉनच्या दोऱ्याने मधोमध ताणून बांधला, जाळ्याची गाठ, आतून सुटायची नाही. ह्या वेळी डबा आधी इथेच छळला. उन्हात, नसलेल्या. ओट्याजवळ, फ्रिजात, मॅडमच्या स्कूटरच्या डिकीत. फुगला नाही. झाकणावर परत सह्या. ओं.ने आजोबांचं नाव कोपऱ्यात बारीक लिहिलं.

२२ ऑगस्ट
डबा गेला. आता मॅडम एकट्या गेल्या. गणपतीच्या आधी कोणाच्या घरून पोर सुटत नाही. बाबा मुंबईहून आलेत, काका, त्यांची पोरं. सगळ्यांना डब्याचंच विचारायचंय.

२९ ऑगस्ट
आरती चालू होती. घर भरलेलं, टाळ, झांजा. माझा फोन पडवीत आ.जवळ, ती मोदकांसाठी आलेली. आज निकाल येणार हे माहीत. आमच्याकडे आरती म्हणजे एक नाही, काका एक संपली की दुसरी धरतात, मुंबईचे लोक वर्षाचा कोटा भरून काढतात. मध्येच दाराकडे बघितलं तर आ. फोन कानाला लावून उभी. चेहरा कोरा. ही पोरगी चेहऱ्यावर काही दाखवेल तर शपथ.

मग तिने फोन खाली ठेवला आणि मोठमोठ्याने टाळ्या वाजवायला लागली. आरतीच्या ठेक्यात. हसत.

पास!

घालीन लोटांगण मी एवढ्या जोरात म्हटलं की बाबांनी वळून बघितलं. गिरक्या घेताना रडले, कोणाला कळलं नाही, सगळेच घामाघूम होते. नंतर आ.ने सांगितलं, मॅडम म्हणाल्या, पेटीतून काढला तेव्हा डबा जसाच्या तसा, टिचकी मारली तर टण्ण वाजला. ओं.ला फोन केला तर त्याच्याकडेही आरती, तो हॅलोऐवजी जय देव जय देव म्हणाला.

६ ऑक्टोबर
सहामाही. उड्डाण पुढे ढकललं. वाट बघणं नावाचा विषय असता तर पैकीच्या पैकी.

१ डिसेंबर
परत पुढे. हवामान. बाबा मुंबईहून: तुमचा डबा कोकण रेल्वेने पाठवायचा होता, निदान उशिरा का होईना पोचला असता.

८ डिसेंबर
गेलं!

शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला होता. अख्खी शाळा, शिपाईकाका, आई, आ.ची अम्मी, अब्बा बोट लावून थेट आलेले, माशाचा वास. ओं.चे आजोबा पहिल्या खुर्चीत, कोट घालून. उलटे आकडे सगळे मोठ्याने म्हणत होते, मी नाही, माझे दात वाजत होते. मग आग, धूर, आणि ते इतकं हळू उचललं की मला वाटलं बसतंय खाली. नाही बसलं. गेलं वर, गेलं, ठिपका झाला. आ.ने माझा हात असा धरला होता की अजून लाल आहे.

आजोबा म्हणाले, "माझ्या पथ्याला इतकं वर कधी कोणी नेलं नव्हतं."

आईने हॉलमधल्या सगळ्यांना कोकम सरबत दिलं. मिठाचं. पेला हातात दिला की विचारायची, मीठ बरोबर आहे ना? प्रत्येकाला. मला दोनदा.

११ डिसेंबर
आज आमचा डबा चालू करणार होते. आपलं वर फिरत असेल आणि मी इथे भूगोलाच्या तासाला पृथ्वीचा परीघ लिहीत होते. फोटो उद्या.

१२ डिसेंबर
फोटो आले.

मॅडमच्या खोलीत आम्ही तिघं, दार लावून. पहिला फोटो, सुकं आमसूल, दोऱ्यावर, काळं. दुसरा, निवळी आलेली, काही नाही. तिसरा ओं. उघडायच्या आतच मॅडमनी माऊस काढून घेतला.

खाली गेलेला एकही धागा नाही. एकही नाही! आमसुलाभोवती लाल वलय, आणि वलयाच्या कडेला निळसर रेघ, आ.च्या गणवेशावरच्या डागासारखीच. पृथ्वीवर कोणी कोकमाला असं बघितलेलं नाही, आमच्या आईने नाही, तिच्या आईने नाही. आम्ही बघितलं. आम्ही तिघांनी. आ. ओरडली. नेहमी गप्प असणारी आ. इतकी ओरडली की मुख्याध्यापक धावत आले.

१३ डिसेंबर
काल आनंदात नीट बघितलं नव्हतं. पुढच्या फोटोंमध्ये वलय गोल राहत नाही. एका बाजूला लांबत जातं, लाल शेपटी फुटल्यासारखं. दरवेळी त्याच बाजूला. तिथे खाली-वर नाही, तर मग ही बाजू कुठून आली?

सरांना विचारलं. मला वाटलं सांगतील. ते म्हणाले, त्यांनी सहकाऱ्यांनाही दाखवलं, एकमत नाही. मग म्हणाले, "डबा तुमचा आहे. तुम्हाला काय वाटतं?"

ओं. म्हणतो, तो टप्पा गरगरत असणार, म्हणून ढकललं गेलं. आ. म्हणते, कॅमेऱ्याच्या दिव्याची ऊब त्या बाजूला आहे. मी म्हणते, आमसुलाला दोन अंगं असतात, आतलं मऊ आणि बाहेरचं चिवट, मऊ अंगाने रंग जास्त सुटत असेल. मॅडम म्हणतात, मला विचारू नका, मला चिंच कळते. आजवर प्रश्न धड्याखाली छापलेले असायचे आणि उत्तरं मार्गदर्शकात. ह्याचं मार्गदर्शक कुठल्याच दुकानात नाही. सर म्हणाले पुढच्या फेरीसाठी नवीन डबा सुचवता येईल, दहावीनंतर. मी दहावीनंतर ऐकलं नाही, फक्त सुचवता येईल ऐकलं.

आता ओट्यावर तीन पेले मांडलेत. एकात आमसुलाचं मऊ अंग वर, एकात खाली, एक आ.ने आणलेल्या टॉर्चसमोर. ओं. चौथा पेला दोरीला बांधून अंगणात गरगर फिरवतोय, भिजलाय. आई दारात उभी. भांडी कधी मोकळी होणार ते विचारतेय. मी सांगितलं, माहीत नाही.